फोन ओट्यावर ठेवून शिकलेला स्वयंपाक

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात यूट्यूबवर 'चकली' एवढंच टाकून पाहावं. 'वाटीच्या आणि किलोच्या अचूक प्रमाणासह', 'तेलात विरघळू नये म्हणून ही एक टीप', 'महिनाभर कुरकुरीत राहणारी', 'पहिल्यांदा करणाऱ्यांनाही जमेल' अशा मथळ्यांची रांग लागते. एकेका मथळ्यामागे एकेक धास्ती आहे. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते, आणि घाईत काढली तर दुसऱ्या दिवशी मऊ पडते. हे प्रश्न पूर्वी सासूला, शेजारणीला किंवा भाजणी दळून देणाऱ्या गिरणीवाल्याला विचारले जात. आता ते फोनला विचारले जातात. त्यावरून एक वाद गेली काही वर्षं घराघरांत चालू आहे: व्हिडिओ बघून करणाऱ्याला स्वयंपाक आला असं म्हणायचं, की एक पदार्थ जमला असं? या वादात कोण काय म्हणतं आणि त्याला आधार काय, याचा हा आढावा.

छापील पान ते पडदा

घराबाहेरच्या माणसाकडून स्वयंपाक शिकण्याची आपल्याकडची परंपरा फोनपेक्षा बरीच जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ मधलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मधलं. अशी पुस्तकं वाचणाऱ्याला चूल सांभाळता येते, हे त्यात बहुतेकदा गृहीत धरलेलं असे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये हा रिवाज बदलला. घरात जी वाटी आणि जो चमचा आहे तेच माप, असं धरून लिहिलेलं हे पुस्तक लग्नात आहेर म्हणून दिलं जाऊ लागलं आणि परदेशी निघालेल्यांच्या बॅगेतही गेलं. मंगला बर्वे यांच्या 'अन्नपूर्णा'लाही घराघरात अशीच जागा मिळाली.

मग टीव्ही आला. संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' १९९३ मध्ये सुरू झाला, तर मराठीत 'आम्ही सारे खवय्ये'ने दुपारची वेळ बांधून घेतली. टीव्हीची अडचण ज्यांनी वही-पेन घेऊन तो पाहिला त्यांना आठवत असेल: साहित्याची पाटी पडद्यावर येई आणि 'पाव चमचा' की 'पाऊण चमचा' हे वाचून होण्याआधी निघून जाई. पुढे इंटरनेटवरच्या व्हिडिओने नवं दिलं ते चित्र नव्हे, ते टीव्हीकडे होतंच. नवं होतं ते थांबवणं आणि मागे नेणं.

यूट्यूब २००५ चं. संजय थुम्मा २००७ पासून आणि निशा मधुलिका २०११ पासून तिथे दिसू लागले, आणि मधुरा बाचल यांनी अमेरिकेत राहत असताना सुरुवात करून पुढे मराठीत मोठा प्रेक्षक मिळवला. पण गावोगावी हे पोचलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. मार्च २०२० च्या टाळेबंदीने उरलेलं काम केलं. हॉटेलं बंद, घरकामाच्या मावशी येणं बंद, आणि घरात रिकामे बसलेले मोठे मुलगे. त्या काळात शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये मीठ तापवून किती घरांत केक भाजला गेला याची गणतीच नाही. त्याच वर्षी नगरजवळच्या सारोळा कासार इथल्या सुमन धामणे 'आपली आजी' या नावाने लाखो लोकांना माहीत झाल्या. चित्रीकरण करणारा नातू तेव्हा कॉलेजात होता.

बाजूने बोलणारे काय म्हणतात

व्हिडिओच्या बाजूने पहिला मुद्दा साधा आहे: स्वयंपाकातल्या कित्येक गोष्टी शब्दांत मावत नाहीत. 'उकड चांगली मळून घ्यावी' हे वाक्य आणि तळहाताच्या टाचेने दाबत, मधूनमधून पाण्याचा आणि तेलाचा हात घेत मळलेली उकड दिसणं, यांत फार अंतर आहे. मोदकाची पारी कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड ठेवतात. ती डाव्या हातात फिरवत उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मिळून कळ्या पाडतात, आणि मग सगळ्या कळ्या एकत्र आणून टोक काढतात. हे लिहून कळायला अर्धं पान लागतं. बघून अर्ध्या मिनिटात कळतं.

दुसरा मुद्दा वाचनाचा आहे. ज्यांना पुस्तक वाचून करता येत नव्हतं अशा बायकांना, आणि मराठी कळतं पण वाचता येत नाही अशा परदेशात वाढलेल्या मुलांनाही, व्हिडिओने दार उघडलं. तिसरा मुद्दा सहसा हळू आवाजात मांडला जातो, पण मला तो सर्वांत वजनदार वाटतो. घरातलं शिकणं गोड आठवणींत जेवढं मायेचं वाटतं तेवढं ते नेहमी नसे. टोमणे असत, 'आईने एवढंही शिकवलं नाही का' असे, आणि सोवळ्याचे नियमही. नव्या सुनेला पोळी बिघडवायची मुभा फारशी नव्हती. फोन टोमणा मारत नाही. एकच प्रश्न सात वेळा विचारला तरी तो वैतागत नाही.

अभ्यासकांचं काय म्हणणं आहे? उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'ॲपेटाइट' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. स्वयंपाकाचा फारसा सराव नसलेल्या १४१ बायकांचे गट केले. एकाला फक्त कृतीचं कार्ड दिलं. बाकीच्यांना कार्डाबरोबर व्हिडिओ होता: कोणाला सलग, कोणाला टप्प्याटप्प्याने, कोणाला हवा तेव्हा हवा तेवढा. नंतरच्या गटचर्चांत बायकांनी सांगितलं की व्हिडिओमुळे कृती नीट समजली, आपण करतोय ते बरोबर आहे असा धीर करता करताच आला, नवी तंत्रं उचलता आली आणि मजाही आली. धीर येणं ही लहान गोष्ट नाही. कढईतलं मिश्रण वाईट दिसत असताना 'आता असंच दिसायला हवं' हे कळलं, तर अर्ध्या वाटेवर गॅस बंद होत नाही.

कॅमेरा कुठे ठेवावा यावरही काम झालं आहे. वस्तू जोडण्याचं काम करणाऱ्याच्या नजरेतून चित्रित केलेलं असेल, तर समोरून घेतलेल्या चित्रणापेक्षा ते जास्त चांगलं शिकता येतं, असं फिओरेला आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये आढळलं. ओट्यावर वरून, हातांवर कॅमेरा रोखलेले व्हिडिओ का आवडतात याचं कारण इथे असावं. समोर उभं राहून कळ्या पाडणारी बाई दिसली की बघणाऱ्याच्या मनात डावं-उजवं उलटंपालटं होतं.

शंका घेणारे काय म्हणतात

समोरची बाजू म्हणते: दिसतं ते सगळं खरं, पण हाताला काय लागलं ते दिसत नाही. भाकरीचं उदाहरण घ्या. परातीत पीठ भुरभुरायचं, गोळा थापत फिरवत न्यायचा, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटून शेकायची, मग आचेवर धरली की टम्म फुगते. हे सगळं व्हिडिओत येतं. पण ज्वारीचं पीठ दळून बरेच दिवस झाले असतील तर त्याची विरी गेलेली असते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात. तेव्हा पाणी गरम घ्यायचं, थोडी उकड काढायची, की ते पीठ धिरड्याला ठेवून ताजं दळून आणायचं, हे पिठात हात घातल्यावर ठरतं. मोदकाच्या पिठीचंही तेच. वाटीला वाटी पाणी हे माप बहुतेक व्हिडिओंत सापडतं, पण तांदूळ नवा की जुना, पिठी धुऊन-वाळवून दळलेली की सुकी, यावर पाणी बदलतं. 'अचूक प्रमाण' हे त्यांच्या डब्यातल्या पिठाचं प्रमाण असतं.

अनारशाची गोष्ट याहून टोकाची. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, दमट असतानाच दळा, गूळ किंवा साखर घालून गोळा मुरू द्या, खसखशीवर थापा आणि खसखशीची बाजू वर ठेवून न उलटता मंद तळा. कृती तोंडपाठ असली तरी अनारसा तेलात हसतो, म्हणजे पसरून त्याचे तुकडे होतात. कधी गूळ जास्त झालेला असतो, कधी तेल नीट तापलेलं नसतं, कधी पीठ मुरलेलं नसतं. जाणती बाई पहिला अनारसा हसलेला पाहून सांगते, 'थोडी कोरडी पिठी मळून घे.' व्हिडिओतली बाई तुमची कढई पाहत नाही.

या शंकेला मानसशास्त्रातून एक बळकट आधार मिळाला आहे. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड झटक्यात ओढणं, डार्ट मारणं, मूनवॉक, अशी कौशल्यं लोकांना व्हिडिओत दाखवली. पुन्हा पुन्हा, वीस-वीस वेळा पाहिलेल्यांना 'आपल्याला जमेल' असं जास्त वाटू लागलं. जिथे प्रत्यक्ष करून घेतलं तिथे त्यांची कामगिरी मात्र कमी पाहिलेल्यांपेक्षा वरचढ निघाली नाही.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की गाठ दिसते. आयर्लंडच्या प्रयोगातल्या बायकांनी सांगितलेला एक फायदा आत्मविश्वासाचा होता, आणि कार्डस-ओब्रायन म्हणतात की बघून वाढलेला आत्मविश्वासच फसवा असतो. पण त्या बायका बघत बघत रांधत होत्या, आणि दुसऱ्या प्रयोगातले लोक खुर्चीत बसून पाहत होते. त्यामुळे हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. झोपण्याआधी अंथरुणात पडून पाहिलेल्या वीस रेसिपी आणि ओट्यावर पीठ लागलेल्या बोटाने थांबवत पाहिलेली एक रेसिपी यांना एकाच नावाखाली मोजण्यात अर्थ नाही, एवढं मात्र त्यांतून निघतं. आणि हेही नोंदवायला हवं, की बायकांनी केलेला पदार्थ लझान्या होता. त्यात पिठाच्या विरीचा प्रश्न येत नाही.

जाणत्या बाईबद्दलही थोडं सावध राहायला हवं. घरातल्या सगळ्याच जाणत्या बायका सांगत बसत नसत. 'बघून बघून येतं' हेच उत्तर बहुतेकींना मिळालं. फरक असा, की त्या बघण्याच्या सोबतीला खोबरं खवणं, लसूण सोलणं, पुऱ्या लाटून देणं अशी बारीकसारीक कामं असत. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात शिकण्याचं वर्णन असंच केलं आहे: नवखा माणूस कडेकडेची खरी कामं करत करत मध्यभागी सरकतो. व्हिडिओत कडेची कामं नसतात. बघणारा पहिल्याच दिवशी मुख्य आचारी असतो.

पदार्थ आणि स्वयंपाक

शंकेखोरांचा दुसरा मुद्दा कमी बोलला जातो, पण मला तो पहिल्याहून जड वाटतो. व्हिडिओ एका वेळी एक पदार्थ शिकवतो. घरात मात्र रोज दोन वेळा चार माणसांचं ताट उभं करायचं असतं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कणीक मळून ठेवणं, ती मुरतेय तोवर भाजी चिरणं, वरणाला फोडणी देऊन झाल्यावर त्याच कढल्यात ठेच्याची मिरची परतून घेणं हा एक क्रम असतो, आणि तो कुठल्याच मथळ्यात येत नाही. कालचा भात उरला म्हणून आज फोडणीचा भात, पोळ्या उरल्या म्हणून कुस्करा. कोथिंबीर स्वस्त आहे म्हणून वड्या. महिनाअखेरीला डाळ पुरवून वापरणं. या सगळ्याला 'रेसिपी' म्हणत नाहीत, पण घर यावरच चालतं.

याला उत्तर म्हणून 'आठवड्याचा मेनू', 'डब्याच्या भाज्या', 'एका तासात पूर्ण स्वयंपाक' असे व्हिडिओ आता निघू लागले आहेत, आणि ते उपयोगी आहेत. तरी या प्रकाराला एक आतली मर्यादा आहे. 'काल जे उरलं त्याचं काय करायचं' याचं उत्तर फ्रीज उघडून पाहिल्याशिवाय देता येत नाही.

कोणाचं ताट पडद्यावर

संस्कृतीच्या अंगाने दोन मतं आहेत आणि दोन्हींकडे पुरावा आहे. एक मत म्हणतं, सगळीकडची चव सारखी होत चालली. जुन्या घरांत कुठे गोडा मसाला, कुठे कांदा-लसूण मसाला, मराठवाड्यात येसूर, नागपुरात सावजी, मालवणात आणखी वेगळा. आता 'ढाबा स्टाइल', 'हॉटेलसारखी', 'लग्नाच्या पंगतीतली' या तीन साच्यांत बरंच काही ओतलं जातं. दुसरं मत म्हणतं, उलट ज्या पदार्थांना पुस्तकात पान मिळालं नव्हतं ते आता दिसू लागले. खानदेशी मांडे उलट्या खापरावर कसे टाकतात, सीकेपी घरातलं निनावं कसं लागतं, हे शेजारच्या जिल्ह्यालाही ठाऊक नव्हतं.

या दुसऱ्या मताला मात्र एक प्रश्न विचारावा लागतो. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये दलितांच्या खाद्यस्मृतींवर काम केलं, तेव्हा प्रश्न हाच होता, की 'भारतीय ताट' म्हणून जे दाखवतात त्यात कोणाचं ताट नसतं? शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाच्या कृती आठवणींसह छापल्या, रक्ताची रक्ती आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसकट. पडद्यावरची गावाकडची चूल हा आता लोकप्रिय प्रकार आहे: मातीचं भांडं, पाट्यावरचं वाटण, शेतातला बांध. त्या चुलीवर काय शिजताना दाखवता येतं आणि काय टाळलं जातं, हे कायदा, जाहिरातदार आणि प्रेक्षकांचा रोष मिळून ठरवतात. व्हिडिओ करायला परवानगी लागत नाही हे खरं, पण दिसण्याची संधी सगळ्यांना सारखी मिळते असं म्हणणं धाडसाचं होईल.

गल्ल्याचं गणित

यावर थोडक्यात, कारण यात वाद कमी आणि हिशेब जास्त आहे. जानेवारी २०१८ पासून यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं ही अट आली. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायची मर्यादा जुलै २०२० मध्ये दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आली. साध्या काकडीच्या कोशिंबिरीचा व्हिडिओ आठ मिनिटं कसा चालतो हे कोडं इथे थोडं सुटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतात शॉर्ट्स सुरू झाले आणि ओढ उलट्या दिशेने लागली: एका मिनिटात पुरणपोळी. पुरण शिजलं की नाही हे त्यात उभा चमचा सांगतो, पण पुरण आटवताना हात किती वेळ चालतो ते कापलं जातं.

आस्की या जाहिरात नियामक संस्थेने २०२१ मध्ये पैसे घेऊन केलेला प्रचार स्पष्ट सांगावा असे नियम आणले. ते पाळणारेही आहेत आणि 'मी नेहमी हाच मसाला वापरते' एवढ्यावर भागवणारेही. सुरक्षिततेची बाजू याहून दुर्लक्षित आहे. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेरच ठेवला, तर बोट्युलिझमचा धोका असतो, ही अन्नविज्ञानातली जुनी गोष्ट आहे. रिकामा कुकर तापवत ठेवणं भांड्याला बरं नाही, हीही. अशा चुका पकडायला पुस्तकाला निदान संपादक असे.

कोण रांधतंय

व्हिडिओमुळे पुरुष स्वयंपाकघरात आले, असा दावा उत्साहाने केला जातो. वसतिगृहातली मुलं, जर्मनीत शिकायला गेलेला भाचा, टाळेबंदीत पाव भाजलेले काका ही उदाहरणं खोटी नाहीत. पण २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामात दिवसात सहभागी होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २६.१ टक्के होतं, तर बायकांचं ८१.२ टक्के. सहभागी बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. हे आकडे स्वस्त डेटाच्या तीन वर्षांनंतरचे आहेत, आणि २०२४ च्या फेरीतही चित्र मुळातून पालटलेलं नाही. रविवारची बिर्याणी आणि सोमवारचा डबा यांत अजून फरक आहे. उलट काही बायकांची तक्रार अशी, की व्हिडिओमुळे घरच्यांच्या मागण्या वाढल्या: 'बघ, त्या दहा मिनिटांत करतात.' याच माध्यमातून कित्येक बायकांनी स्वतःच्या हाताची कमाई उभी केली हेही तितकंच खरं, आणि दोन्ही गोष्टी एकाच सोसायटीत घडतात.

अजून न सुटलेलं

पहिला प्रश्न सुधारून देणाऱ्याचा. प्रेक्षक खाली लिहितात, 'ताई, माझी चकली तुटली, काय चुकलं?' आणि काही चॅनेल मनापासून उत्तरं देतात. हे पुरेसं आहे का, की त्यासाठी थेट वर्गच लागतात, याचा निकाल लागलेला नाही. दुसरा प्रश्न टिकण्याचा: व्हिडिओ बघून केलेला पदार्थ पाचव्या वेळी व्हिडिओशिवाय करता येतो का? वही असलेल्या घरात लिहिताना हात चाले, त्यामुळे लक्षात राही, असं अनेक जण सांगतात. फोन पुन्हा उघडता येतो म्हणून लक्षात ठेवायचीच गरज राहत नाही, आणि ती राहावी का, यावरही मतं आहेत.

तिसरा प्रश्न मालकीचा. १९५७ चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. म्हणजे व्हिडिओ चोरता येत नाही, पण कृती घेता येते. एखाद्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मसाला दुसऱ्याच्या चॅनेलवर नाव न घेता आला, तर तक्रार नैतिक राहते, कायदेशीर होत नाही.

चौथा प्रश्न साठवणीचा, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये 'आपली आजी' हे चॅनेल हॅक झालं आणि काही दिवसांनी परत मिळालं. परत मिळालं नसतं, तर त्या कृतींची तिथली नोंद गेली असती. छापील पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी, असा कायदा १९५४ पासून आहे. त्यात पुस्तकं येतात आणि दुरुस्तीनंतर वृत्तपत्रंही येतात. सारोळा कासारच्या चुलीवर केलेली कारल्याची भाजी त्यात बसत नाही, आणि ती कुठे जमा करायची हे अजून कोणी ठरवलेलं नाही.